देव्हाऱ्यातले शेअर सर्टिफिकेट

मित्रांनो, मी एक जुने शेअर सर्टिफिकेट आहे. जाड कागद, निळी नक्षी, खाली दोन सह्या आणि मधोमध नाव: हिंदुराव. माळेगावच्या साखर कारखान्यात फिटर असलेल्या हिंदुरावांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका कंपनीचे शेअर घेतले, तेव्हा त्यांच्या हाती पुरावा म्हणून मीच होते.

त्या काळी शेअर विकले, की कागद पोत्यांतून प्रवास करत. माझे कितीतरी भाऊबंद टपालात हरवले, काही चोरीला गेले, काहींच्या खोट्या प्रती निघाल्या. सही जुळेना म्हणून परत आलेले तर असंख्य. म्हणून डिपॉझिटरी आली. बँकेत पैसे राहतात, तसे तिथे शेअर नोंदीच्या रूपात खात्यावर राहतात. विकले, की नोंद एका खात्यातून दुसऱ्यात जाते. कागद लागत नाही. आम्ही तिथे जमा होऊन रद्द व्हायचे होते.

मला मात्र कळस गावी, हिंदुरावांच्या घरी देव्हाऱ्यात जागा मिळाली. दर लक्ष्मीपूजनाला हिंदुरावांच्या पत्नी द्वारकाबाई मला हळदकुंकू लावत. हिंदुराव गेल्यावर त्यांनी इंदापुरातून माझे लॅमिनेशन करून आणले. लोक म्हणत, किती जपलंय! मलाही बरे वाटे.

यंदा नात श्रेयाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. शेअर विकायचे ठरले आणि आजी-नात मला घेऊन बारामतीला एका दलालाच्या कार्यालयात आल्या. तिथल्या तौसिफने मला उजेडात धरले.

"आजी, कागद आता थेट विकता येत न्हाय. आधी तुमच्या नावावर, मग डिमॅट, म्हंजी खात्यावर नोंद, मग विक्री. त्यात कुंकवाखाली नंबरच दिसंना. वर प्लॅस्टिक."

"लक्ष्मी हाय ती! कुंकू न्हाय तर काय डांबर लावू?"

श्रेयाला हसू आले. मग तिने विचारले, "शुक्रवारपातूर हुईल का?"

"महिनं लागत्याल."

"प्लॅस्टिकच काढायचं ना?" म्हणत द्वारकाबाईंनी कड नखाने उचलली. मला ओरडता आले नाही. प्लॅस्टिकबरोबर माझी एक सही सोलून निघाली.

"राहू दे, आजी," श्रेया म्हणाली.

शुक्रवार गेला. तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मी तौसिफच्या कपाटात, कंपनीच्या उत्तराची वाट पाहत पडून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर ज्याचे नाव त्यावर आहे, तो माणूस हयात असतानाच ते सर्टिफिकेट खात्यात जमा करा. आमची पूजा नको. आम्हाला वेळेवर रद्द होऊ द्या.