कंडक्टर दांडा धरत नसतो

मी बाथरूममधला दांडा बोलतोय. हो, तोच, भिंतीवर आडवा बसवलेला, स्टीलचा, हातभर लांबीचा. मला पाहिलं की लोकांना म्हातारपण आठवतं, म्हणून माझ्याकडे कोणी फारसं बघत नाही. मी मात्र सगळ्यांकडे बघतो, आणि तेही अशा अवतारात की विचारू नका!

कारखान्यातून निघाल्यावर दोन वर्षं मी एका दुकानात नळांच्या शेजारी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी एक बाई घाईघाईने आली. "वडील बाथरूममध्ये पडले. कपाळाला तीन टाके पडलेत. आजच्या आज बसवून द्या." प्लंबरने भिंतीला भोकं पाडली, स्क्रू पिळले आणि स्वतः लोंबकळून दाखवलं. "हत्ती लटकला तरी हलायचा नाही, ताई."

हत्ती राहू द्या, घरातला माणूसही मला हात लावेना. बाबा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर, वय चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षं धावत्या गाडीत काही न धरता उभे राहिलेले. मला पाहताच म्हणाले, "दांडा प्रवाशांसाठी असतो. कंडक्टर दांडा धरत नसतो." आणि माझ्यावर ओली बंडी वाळत घातली. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

लेकीने मात्र बजावून ठेवलं होतं, "बाबा, पुन्हा तोल गेला तर एकट्याने बाहेर जाणं बंद." बाबांचा जीव त्या बाहेर जाण्यात अडकलेला. रोज बसने शेवटच्या थांब्यावर जायचं, तिथे त्यांचा जुना ड्रायव्हर भेटायचा, मग दोघांनी बाकावर बसून नव्या गाड्यांना नावं ठेवायची. म्हणून पाय सरकला की ते नळ धरून सावरायचे आणि ओरडायचे, "काही नाही गं, बादली सरकली!" बिचारी बादली फुकटची बदनाम झाली.

एका सकाळी साबण डोळ्यांत गेला आणि पाय निसटला. हात गेला टॉवेलच्या रॉडकडे. तो पोकळ गडी भिंतीतून उखडून हातातच आला. दुसरा हात हवेत फिरला आणि बंडीसकट माझ्यावर पडला. काय पकड होती! स्क्रू कुरकुरले, पण मी हललो नाही. बाबा स्टुलावर टेकले.

"बाबा, काय झालं?" बाहेरून लेकीचा घाबरा आवाज.

बादलीचं नाव त्यांच्या ओठांवर आलंच असणार. पण ते म्हणाले, "पडत होतो गं. वाचलो. थांब, टॉवेल गुंडाळू दे, मग ये."

खरं बोलल्याचं फळ म्हणजे बाहेर जाणं बंद झालंच. पण फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, गाडीत तोल कसा जायचा नाही हो?"

बाबा खुलले. "पाय फाकवायचे, गुडघे सैल ठेवायचे. आणि वळण कुठे आहे ते पाठ असायचं."

"इथलं वळण आधी कळत नाही, काका. आणि पायांचा निरोप डोक्याला आता उशिरा पोचतो. त्याला जरा तालमीत आणू."

मग रोज कोरड्या फरशीवर, माझ्यापाशी, एका पायावर उभं राहणं सुरू झालं. आधी अख्खा पंजा माझ्यावर, मग दोन बोटं, मग एक. स्वतःच "टिंग टिंग" म्हणून पाय बदलायचे. बंडी गच्चीतल्या दोरीवर गेली. माझा ऊर अभिमानाने भरून आला, स्टीलचा असलो म्हणून काय झालं?

तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढंच सांगतो, तोल जायच्या आधी त्याला धरा. त्यात कसला कमीपणा नाही.

दोन महिन्यांनी लेकीनेच बाबांच्या हातात छत्री दिली आणि म्हणाली, "जा, तुमचा ड्रायव्हर वाट बघत असेल." दुपारी परत आल्यावर हात धुता धुता बाबा मला म्हणाले, "आज गाडीत गर्दी होती रे. कंडक्टर पोरगी, पंचविशीची असेल. मला म्हणाली, 'आजोबा, दांडा नीट धरा हं.'"

त्यांनी हात पुसले.

"म्हटलं, 'धरलाय गं पोरी, कधीचाच.'"