पंख्यावरची ओढणी

माझ्या सासूबाई, गुलबानू, घरातली एकही वस्तू उघडी राहू देत नाहीत. खारा वारा सगळं खातो, असं त्यांचं म्हणणं. आमचं श्रीवर्धनचं घर समुद्राला लागून, त्यामुळे टीव्हीला झालर, मिक्सरला टोपी, फ्रिजला रुमाल. पण मस्कतच्या नर्सिंगच्या ऑनलाइन परीक्षेदिवशी त्यांनी हद्द केली. परीक्षक आधी कॅमेऱ्यातून सगळी खोली बघतो, हे मीच त्यांना सांगून बसले होते. झालं, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी खोली सजली. टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःच्या निकाहची जरीची ओढणी पांघरली, थेट मागच्या पंख्यापर्यंत.

मला ती दिसली कॅमेरा खाली फिरवताना. तोवर परीक्षक समोर आला होता. आता खुर्चीवरून उठलं, बोललं किंवा मान वळवली की पेपर रद्द. पास झाले तर अदनानजवळ जाता येणार होतं. निकाहनंतर तो महिनाभर राहिला आणि मस्कतला गेला. तेव्हापासून नवरा म्हणजे फोनमधला चेहरा. मी गेले की घरात अम्मी, म्हणजे सासूबाई, एकट्या उरणार, यावर आम्ही कुणीच बोलत नव्हतो.

पेपर निम्म्यावर आला आणि पंखा घुरघुरू लागला. माणगावला माझ्या मामेभावाचं, तौहीदचं, कॉम्प्युटरचं दुकान आहे. हे मशीन त्यानेच जोडून दिलेलं. प्रोसेसर किती तापलाय ते मदरबोर्ड सतत बघत असतो, असं तो सांगायचा. ताप वाढला की आधी पंखा जोरात फिरवतो. तेवढ्याने भागलं नाही तर प्रोसेसरचा वेग कमी होतो. तरीही ताप चढतच राहिला, तर जळण्याआधी मशीन बंद. "आतिफा, तेव्हा तो कुणाला विचारायला थांबत नाही," तो म्हणाला होता.

पंखा आता किंचाळत होता. मग उत्तरावर क्लिक केलं तरी खूण उमटेना. वेगही कमी झाला म्हणजे. मशीन स्वतःला वाचवणार आणि मला बुडवणार.

नजर स्क्रीनवरच ठेवून मी पाय लांबवला, ओढणीचं टोक पायाच्या बोटांत धरलं आणि ओढलं. जरीची किनार कशाला तरी अडकली. पुन्हा ओढलं. ओढणी टर्रकन फाटून सुटली.

लगेच स्क्रीनवर परीक्षकाचा निरोप आला, पायाशी काय आहे ते दाखवा. संपलं सगळं, असं वाटलं. मी कॅमेरा खाली केला. मशीन तापत होतं, सासूबाईंनी तुमच्यासाठी घर सजवलंय, एवढं कसंबसं टाइप केलं. पंखा हळूहळू शांत होत गेला. मग परवानगी आली, पेपर पुढे सोडवा.

शेवटचा प्रश्न सोडवून दार उघडलं, तर अम्मी उंबऱ्याशीच बसलेल्या. रागाने मी फाटकी ओढणी पुढे धरली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"साहेबाला घर पसंत पडलं ना गो?" त्या म्हणाल्या. "मग आता धाडील ना तो तुला माझ्या अदनानकडं?"

"पडलं, अम्मी," मी म्हटलं. फाटक्या ओढणीची घडी घालून मी त्यांच्याशेजारी उंबऱ्याशी बसले.