एका गाण्यापुरता समेट

"एकच गाणं आहे, दादा. चार कडवी. वाजवायला तुझं काय जातं?" सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं.

रविवारच्या उपासनेला दहा मिनिटं होती. दादा ऑर्गनसमोर बसून चष्मा पुसत होता.

"वाजवतो म्हटलं ना! सारखी काय मागे लागतेस?"

सिस्टर म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण. इस्पितळातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळं चर्च तिला सिस्टरच म्हणे. चर्च चालवणाऱ्या पाळकबाईंनी समेट मंडळ काढलं आणि तिच्या गळ्यात बांधलं. जुनी घराणी डाव्या बाकांवर, कारखान्यासाठी बाहेरून आलेली परभाषेची कुटुंबं उजव्या. मधली वाट ओलांडायचा तो फक्त झाडू. आठ महिने तिनं लोकांचे उंबरे झिजवले. "आमचा विरोध नाही हो, पण..." हे ऐकून ऐकून तिचे कान किटले. तापाला निदान थर्मामीटर लावता येतो, या गोडबोल्यांना काय लावणार? एवढ्या खटपटीतून पदरात पडलं ते आजचं, उजवीकडच्यांच्या भाषेतलं एक गाणं.

उजवीकडचा एक वेल्डर आपली सात-आठ माणसं घेऊन पुढे उभा राहिला. त्यानं ऑर्गनकडे पाहून 'सुरू करा' अशी मान हलवली. दादानं झाकण लावलं.

"बोटं आखडलीत," तो दोन बाकांना ऐकू जाईल असं म्हणाला.

त्यांनी तसंच सुरू केलं. सूर फार वरचा लागला, दुसऱ्या कडव्यात बायकांचे आवाज चिरकले आणि डावीकडे कुणीतरी फिसकन हसलं. वेल्डरनं तिथंच हात जोडले आणि सगळे खाली मान घालून जागेवर गेले. पाळकबाईंनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. आणि काय सांगावं, दादाची आखडलेली बोटं नुसती पळत सुटली! सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग प्रभुभोजन, म्हणजे मेजापाशी जाऊन भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. पाळकबाईंनी दर वेळचंच सांगितलं: ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, त्यानं आधी त्याच्याशी समेट करावा, मग मेजाकडे यावं. त्या थोडं थांबल्या. या थांबण्यात लोक खोकून घेत. आजही खोकले. मधली वाट कुणीच ओलांडली नाही.

चर्चच्या कारभारी वडील मंडळींतला म्हणून दादा पहिला गेला. परत येताना शेजारचे उठले तरी बहीण बसलेली दिसली, तसा तो वाकला.

"ऊठ की. मंडळाची प्रमुख ना तू? लोक काय म्हणतील?"

"तुझा भयंकर राग आलाय मला, दादा. तो घेऊन कशी जाऊ?"

"अगं, एवढं कोण बघतं इथं!"

"मी बघते."

"मग माफ कर आणि चल."

"जमत नाहीये," सिस्टर म्हणाली. "आठ महिने दुसऱ्यांना सांगत फिरले, आणि मलाच जमत नाहीये."

दादा ऑर्गनकडे गेला. डावीकडचे मेजाकडे गेले, मग उजवीकडचे गेले. बाकावरच्यांना वाट द्यायला सिस्टर गुडघे आखडून बसली होती. शेवटी पाळकबाई प्याला धरून तिच्याकडे बघत थांबल्या. तिनं नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्यांनी प्याल्यावर पांढरं कापड टाकलं.