वायरमनच्या घरचा नंबर

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकू नका; टेकलं की डोळा लागतो, आणि ही गोष्ट डोळा लागू देण्यासारखी नाही. एका वायरमनची आणि त्याच्या लेकीची कथा सांगतो. राजेरजवाडे नाहीत तिच्यात, चमत्कार तर नाहीच नाही. तुमच्या-माझ्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून जी एक तार आत येते, त्या तारेची कथा. देवाने माझ्या जिभेला बळ द्यावं आणि तुमच्या कानांना माया.

तर त्या वायरमनला सगळे अण्णा म्हणत. चाळीस वर्षं अण्णांनी लोकांच्या घरांत दिवे लावले, आणि सत्तरी ओलांडली तसे त्यांच्याच डोक्यातले दिवे एकेक करून मालवू लागले. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार गेले, मग बायको वारल्याचंही गेलं. ती बाजारात गेली आहे आणि येईलच, असं धरून ते चालत. थोरल्या लेकीने लग्न केलं नव्हतं, तीच त्यांना सांभाळी. तिला ते कधी नावाने हाक मारत, कधी "बाई, तुमचा मीटर कुठंय?" असं विचारत.

दोन गोष्टी मात्र टिकल्या होत्या. एक हातांची सवय. सदऱ्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नसेल तर अण्णा जेवायला बसत नसत. आणि दुसरा घरचा फोन नंबर. सत्तावीस, बाहत्तर, शून्य नऊ. तीस वर्षांपूर्वी फोन आला तेव्हा मुलांना पाठ व्हावा म्हणून त्यांनीच त्याला चाल लावली होती. सत्तावीस खालच्या सुरात, बाहत्तर वर चढवायचा, शून्यावर जरा रेंगाळायचं आणि नऊवर टेबलावर पक्कडीचा ठोका.

ही चाल म्हणजे अण्णांची घरी यायची वाट होती. वर्षभरात ते पाच वेळा हरवले. पाचही वेळा कुणी ना कुणी भल्या माणसाने विचारलं, "आजोबा, कुठं राहता?" आणि अण्णांनी नंबर गाऊन दाखवला. एकदा न्हाव्याचा फोन आला, एकदा शाळेच्या शिपायाचा. थोरलीने खिशात पत्त्याची चिठ्ठीही ठेवून पाहिली होती. तिची गुंडाळी करून अण्णांनी ती सैल स्क्रूच्या भोकात ठोकली. मनगटात नाव कोरलेलं कडं घातलं, तर "कामावर अंगात धातू घालतात का, मूर्ख?" म्हणून पक्कडीने तोडून टाकलं. मोबाइलचा नंबर पढवून पढवून तिचा घसा बसला. चिठ्ठी गेली, कडं गेलं, नंबर तेवढा राहिला.

थोरली घरी बसून टंकलेखन करायची. डॉक्टर मंडळी तपासणीचं बोलून ठेवत, ते इंटरनेटवरून ऐकायचं आणि अहवाल लिहायचा. पण जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं नेट आताशा उसासे टाकत चालायचं. डॉक्टर म्हणायचे, "रुग्णाच्या डाव्या..." आणि गप्प. डाव्या काय? हात, पाय की फुप्फुस? गोल फिरत्या चकतीकडे बघत ती देवाचा धावा करायची. शेवटी कार्यालयातून निरोप आला, की महिन्याभरात लाइन सुधारा, नाहीतर इथे येऊन बसा. तिथे जाऊन बसली तर अण्णांपाशी कोण बसणार?

परगावच्या धाकट्या भावाने फोनवरून वकिली सुरू केली.

"केबलवाल्याचं घे."

"संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमे बघायला बसली की ते झोपतं. खालच्या काकू रोज त्याला शिव्या घालतात."

"मग काचेच्या तारेवाली नवी कंपनी घे. काय वेग आहे, ताई! डोळ्याचं पातं लवायच्या आत सिनेमा उतरतो."

"मला सिनेमे उतरवायचे नाहीत. डॉक्टरांचं वाक्य पुरं ऐकायचंय. आणि नंबराचं काय?"

"नंबर बरोबर नेता येतो हल्ली. विचार त्यांना."

"तूच ये की एकदा आणि तूच विचार."

"अगं, येतोच आहे पुढल्या महिन्यात."

"तुझा पुढला महिना कॅलेंडरवाल्यांनी अजून छापलेला नाही," म्हणून तिने फोन ठेवला.

नव्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात चकचकीत पत्रकं. थोरलीने त्याला पाणी दिलं आणि एकच प्रश्न तीन वेळा विचारला. नंबर हाच राहील ना?

"हाच राहील, ताई. तुम्ही काहीच करायचं नाही. सगळं आमच्याकडून होतं."

आता श्रोतेहो, इथे नीट लक्ष द्या. "तुम्ही काहीच करायचं नाही" हे तो गृहस्थ अगदी खरं बोलला. पण विकणारा माणूस गोड बोलतोच, तसं हेही बोलणं असेल, असं थोरलीने धरलं. आणि ती वाढली होती वायरमनच्या घरात. त्या घराचा एक दंडक होता. जुनी तार सुटल्याशिवाय नव्या तारेला हात लावायचा नाही. अण्णांचा तरुणपणीचा जोडीदार दोन जिवंत तारांच्या पेटीत हात घालून जागीच गेला होता. तेव्हापासून हा नियम तारेपुरता राहिलाच नाही. जुनी चप्पल टाकल्याशिवाय नवी पायात घालायची नाही, जुनं कुलूप काढल्याशिवाय नवं आणायचं नाही. धाकट्याने दुसरी नोकरी मिळायच्या आधी पहिली सोडली आणि सहा महिने घरी बसला, तेव्हा अण्णांनीच त्याची पाठ थोपटली होती.

जोडणीच्या आदल्या दिवशी थोरली सहज म्हणाली, "अण्णा, उद्या नवी तार येणार आपल्याकडे."

अण्णांनी ताटातून मान वर केली. नजर एकदम स्वच्छ, जणू कुणी आतली काच पुसली होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली आणि विचारलं, "जुनी सोडलीस का?"

किती महिन्यांनी हा प्रश्न आला! वारलेल्या बायकोचा नाही, कुणाच्या मीटरचा नाही, तर आजचा, तिचा, तिच्या कामाचा. तिचे डोळे भरून आले.

"सोडते, अण्णा. आत्ता सोडते."

आणि त्यांच्यासमोरच तिने जुन्या टेलिफोन कंपनीला फोन लावला. नंबर तर नवे लोक आणणारच, सोडायची ती नुसती तार, असं तिने धरलं होतं. पलीकडच्या बाईने विचारलं, "नक्की बंद करायचं?" थोरली म्हणाली, "नक्की." अण्णांनी मान डोलावली आणि पुन्हा घास घेतला. त्या दुपारी तिच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणीवाला आला. खिडकीशी भोक पाडताना ड्रिलचा कर्कश आवाज, भिंतीचा भुगा, दार सताड उघडं, जिन्यातून ओढत आणलेली तार. थोरली शिडी धरून उभी. जोडणीवाला वरून म्हणाला, "जुना नंबर चालू आहे ना? तो आमच्याकडे वळवायचाय."

"तो कालच बंद केला की मी."

त्याचा हात थांबला. "बंद केला? अहो ताई, चालू नंबरच वळवता येतो. बंद झालेला आता आमच्या काय, कुणाच्याच हातात नाही."

तिने धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. त्या यंत्रात तीस वर्षं एक बारीक गुणगुण असायची. आज कानात नुसती शांतता. आणि ती वळली, तर अण्णांची खुर्ची रिकामी. सताड उघडं दार, आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरसकट अण्णा गेलेले.

त्या चार तासांचं वर्णन मी करत नाही. ज्याचं माणूस हरवलंय त्याला ते ठाऊक आहे, आणि ज्याचं हरवलं नाही त्याला देवाने ते कळू देऊ नये. एवढंच सांगतो, की दर वेळी अण्णा हरवले तेव्हा ती फोनपाशी बसून राहायची. या वेळी बसायला फोनच नव्हता. मग ती दुकानामागून दुकान विचारत निघाली. शिंपी झाला, औषधवाला झाला, छत्र्या दुरुस्त करणारा झाला. पार मोठ्या रस्त्याच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानात, काचेच्या कपाटाला पाठ लावून अण्णा बसले होते. मांडीवर हात, हातात स्क्रूड्रायव्हर.

दुकानवाली बाई म्हणाली, "माझी ट्यूब फडफडत होती. हे आत आले आणि न विचारताच स्टुलावर चढले. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. बघा, कशी लख्ख लागली! मग घर विचारलं तर गाणं म्हणाले. मी नंबर लावला. पलीकडून यंत्रातली बाई बोलते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. म्हटलं माझं चुकलं असेल. आकडे उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनीच रिसीव्हर मागून घेतला आणि दोनदा ऐकलं. तेव्हापासून हे असे बसलेत."

थोरली गुडघ्यांवर बसली. "अण्णा, चला घरी."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. राग नव्हता, हट्टही नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसे ते म्हणाले, "घर बंद झालंय, बाई. मी स्वतः ऐकलं."

कसेबसे ते तिच्याबरोबर आले. पण आले ते पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसले आणि पाणी मागायलाही संकोचले.

थोरली जुन्या कंपनीच्या खिडकीपाशी जाऊन रडली. आतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की तुमच्या गल्लीतली तांब्याची तार आता काढायला घेतलीय, तिच्यावर नवी जोडणी मिळत नाही. बंद नंबर तीन महिने रिकामा ठेवतात आणि मग यंत्र तो भलत्याच कुणा नव्या घराला देतं.

"त्या यंत्राला सांगता येत नाही का?"

"यंत्राला मीच अजून काही सांगू शकलेलो नाही, ताई."

नवी लाइन मात्र दृष्ट लागण्यासारखी चालली. डॉक्टर एका दमात "रुग्णाच्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात" म्हणायचे. कार्यालयातून शाबासकी आली. ती वाचून थोरलीने स्क्रीन बंद केला आणि तोंडाला पदर लावला.

रोज दुपारी जेवणानंतर ती जुना नंबर लावायची. धाकटा म्हणाला, "मेलेल्या नंबराची रोज नाडी बघतेस होय?" ती म्हणाली, "तू जिवंत बापाची तरी बघ येऊन." त्या महिन्यात मात्र तो खरंच आला. पण अण्णांनी त्याला विचारलं, "साहेब, तुमचं काम काय होतं?"

दार आता आतून कुलूपबंद असायचं. अण्णा खिडकीपाशी उभे राहून नव्या तारेकडे बघत आणि हात मागे बांधून घेत. परक्याच्या घरी वायरमन असाच उभा राहतो.

चौथ्या महिन्यात एके दुपारी यंत्रातली बाई बोललीच नाही. घंटी वाजली.

"हॅलो? कोण?" पलीकडे एका तरुण पोरीचा आवाज. "हे बघा, आम्हाला कुठलंही नवं कनेक्शन नकोय. चार दिवस झाले नाहीत घेऊन. बाळ आत्ता कुठं झोपलंय."

"मी काही विकत नाही हो. ठेवू नका. एक मिनिट ऐका," असं म्हणून थोरलीने सगळं सांगितलं. तार, दंडक, अण्णांचा प्रश्न, चष्म्याचं दुकान. शेवटी म्हणाली, "कधी कुणी फोन केला, की इथे एक म्हातारे गृहस्थ आहेत आणि ते हाच नंबर सांगतात, तर राँग नंबर म्हणून ठेवू नका. माझा नंबर तेवढा द्या त्यांना. इतकंच मागणं आहे."

मग आवाज आला, "थांबा, पेन्सिल सापडू दे. भिंतीवरच लिहिते, कागद माझ्याकडे राहत नाहीत." तिने आकडे लिहून घेतले, पुन्हा वाचून दाखवले. आणि विचारलं, "ते नंबर गातात म्हणालात ना? कसा, ते सांगा. म्हणजे मला ओळखता येईल."

थोरलीने डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरू केलं. सत्तावीस खाली. बाहत्तर वर. शून्यावर रेंगाळली. आणि नऊवर खिडकीपाशी ठोका पडला. अण्णा जवळ आले होते. स्क्रूड्रायव्हर चौकटीवर आपटून त्यांनी हात पुढे केला. तिने फोन दिला.

"कोण बोलतंय?" अण्णांनी विचारलं. "घर चालू आहे का?"

ती पोर म्हणाली, "चालू आहे, आजोबा. घर चालू आहे."

अण्णांचा चेहरा उजळला. चार महिन्यांत थोरलीने तो उजेड पाहिला नव्हता. त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला आणि सदऱ्याची गुंडी लावली. स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला. मोठ्या अदबीने तिला म्हणाले, "बरं आहे बाई, पाहुणचार फार झाला. घर चालू झालंय. निघतो मी." आणि कुलूप लावलेल्या दारापाशी जाऊन, कुणीतरी ते उघडेल म्हणून, शांत उभे राहिले. थोरली त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. फोन अजून तिच्या हातात होता. पलीकडून ती पोर विचारत होती, "ताई? ताई, आहात ना?"

इथे माझी कथा थांबते. श्रोतेहो, मला काही नको. पण उद्या तुम्ही नवी कंपनी निवडाल, नवी तार घ्याल आणि तिच्याबरोबर कुणाचा तरी जुना नंबर तुमच्या पदरात पडेल. एखाद्या दुपारी अनोळखी माणूस फोन करून म्हणेल, इथे एक आजोबा आहेत, ते तुमचंच घर सांगतात. तेव्हा रिसीव्हर आपटू नका. क्षणभर थांबा, आणि दारापाशी उभ्या असलेल्या माझ्या त्या वायरमनला आठवा.