ठमीची हाडं

सकाळी साडेनऊला ठमीनं, घरातल्या मांजरीच्या पिल्लानं, स्वयंपाकाच्या ओट्यावरून खाली उडी मारली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

ओट्यावर तिला बाबांनी बसवलं होतं. दुकानात जाण्याआधी त्यांनी पिंजऱ्याची कडी काढली आणि कलेजीचे तुकडे तिच्यापुढे ठेवले. हात धुवायला पाठ वळवली, तेवढ्यात हे झालं. दोरीवर कपडे टाकणारी त्यांची मुलगी किंकाळी ऐकून आत धावली.

"कडी कुणी काढली?"

"मी. काय गुन्हा केलाय तिनं, कोंडून ठेवायला?"

"डॉक्टरबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, बाबा!"

सांगितलं होतं, गेल्याच आठवड्यात. पाच महिन्यांच्या ठमीचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकले होते. घरात त्याचं कौतुकच चाले. आत्या म्हणायची, "आल्या बघा पैलवानीणबाई!" मग ती जिना चढेनाशी झाली, उचललं की ओरडू लागली. मुलीनं तिला दवाखान्यात नेलं. बाबाही गेले.

"खायला काय देता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाबांचं मटणाचं दुकान. ते अभिमानानं म्हणाले, "निवडक मांस. माझ्या हातानं साफ केलेलं, त्यात हाडाची कणी सापडायची नाही. गिऱ्हाइकालासुद्धा असं देत नाही मी."

"तिथंच घात झालाय. काही पिल्लं जन्मतःच फेंगडी असतात, काहींना वाढीच्या वयात मार लागतो. हिचं तसं नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम अगदी नावाला असतं. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढतं आणि हाडं पोकळ होतात. हा एक्स-रे बघा. हाडाची नुसती सावली उरलीय."

पिल्लांसाठी मिळणारं तयार खाणं सुरू करा, मांस बंद. हाडं भरेपर्यंत पिंजरा, उडी नाही. पाय चोळू नका, पट्ट्या बांधू नका, मनानं गोळ्या देऊ नका. बाक थोडा राहील, पण मांजर चालेल. एवढं सगळं बाबांनी मान डोलावत ऐकलं होतं.

आता ते म्हणत होते, "वाघ काय डब्यातलं खातो?"

"वाघ हाडं फोडून खातो! दुकानामागची भटकी मांजरं अख्खा उंदीर गिळतात, त्यांचे पाय बघा एकदा. आणि तुम्ही लाडानं हिची वाट लावलीत."

"तोंड सांभाळ. उभा जन्म जनावरं हाताळण्यात गेलाय माझा."

"मेलेली!"

बाबांनी कलेजीची ताटली मोरीत आपटली. मुलीनं लाकडी पाट पुसला, त्यावर टॉवेल अंथरला आणि छातीखाली व कमरेखाली हात घालून ठमीला अलगद सरकवलं. बाबा चप्पल घालू लागले.

"तुम्ही येऊ नका."

"मांजर माझंही आहे."

"मग कडी काढताना कुठं गेलं होतं हे शहाणपण?"

तरी ते आले. दवाखान्याच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसले. आत्याचा फोन आला, तो कुणीच उचलला नाही.

नव्या एक्स-रेत उजवी मांडी मोडलेली दिसली. कमरेच्या एका मणक्याबद्दल डॉक्टरबाईंना शंका होती. त्यांनी मागच्या पंजांची बोटं चिमट्यानं दाबून पाहिली. ठमीनं उजवा पाय ओढून घेतला. डावा तसाच पडून राहिला.

"मणक्यापाशी सूज असेल, किंवा नस दबली असेल. आत्ताच काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाचला त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. डावा पाय अजूनही हलला नाही.