गारांनंतरचा पहारा

वसंता घाटोड्याची भक्ती पांढुर्ण्यात स्टेशनापासून गुजरीच्या बाजारापर्यंत ऐकू जायची. दर वर्षी माघात तो घरासमोर मांडव घालायचा, चार दिशांना चार भोंगे बांधायचा आणि सात दिवस गावाला झोपू द्यायचा नाही. लोक त्याला वसंतराव म्हणत. संत्र्याच्या पेट्या दिल्लीला पाठवणारा माणूस, त्याला राव म्हणावंच लागतं. पण जयवंताच्या मनात तो वसंताच होता. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा शर्टाच्या बाहीला नाक पुसत फिरायचा, आणि तिच्या मते त्यानंतर त्याच्यात फरक पडला होता तो फक्त शर्टाच्या कापडात.

जयवंता त्याच्या थोरल्या भावाची, मनोहरची बायको. मनोहर गेल्यावर वसंताने तिला पांढुर्ण्याच्या घरात खोली देऊ केली होती. ती गेली नाही. सौंसरजवळ रामाकोन्याला दोघा भावांचा सामाईक संत्र्याचा बगीचा होता, तिथल्याच दोन खोल्यांत ती राहिली. सकाळी उठून अनवाणी बगीच्यात एक फेरी मारायची, मग विहिरीजवळच्या झाडाखाली बसून पोथीचं एक पान वाचायचं, आणि त्यानंतर थोडा वेळ नुसतं बसून मनात काय काय शिरतंय ते पाहायचं, असा तिचा नेम. हा नेम मनोहरचा. तो म्हणायचा, "ज्या घराले कुत्रं नाई त्या घराले चोर लुटते. मनाच्या दारातही एक बांधून ठेवावं."

जयवंताने कुत्रं बांधलं होतं, आणि ते भुंकायचंही फार. फक्त ते बाहेरच्यांवर भुंकायचं. आपल्या दाराच्या आत काय चाललंय याकडे त्याचं तोंड कधी वळलं नव्हतं. पण हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शहाऐंशी सालच्या सप्ताहाला ती शेवटच्या दिवशी गेली. न जावं तर भाऊबंद नावं ठेवतात. वर्ध्याकडचे कोणी श्रीधरमहाराज प्रवचनाला आणले होते. गुबगुबीत माणूस, अंगावर रेशमी उपरणं. अंतःकरण कसं निर्मळ ठेवावं यावर बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा डोळा पुरणाच्या वासाकडे जात होता. समोर बसलेल्या बाया एकमेकींच्या पाटल्या पाहत होत्या. महाराज म्हणाले, "सृष्टीत देव पाहा," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीनेही वर्षभरात झाडाकडे मान वर करून पाहिलं नसेल, याबद्दल जयवंताची खात्री होती.

मग वसंता स्वतः उठला. भोंग्यातून म्हणाला, "मी दर शनिवारी जामसांवलीले जातो. मारुतीरायाले सांगतो, बापा, तू माया बगीच्यावर छत्र धर, मी तुया नावानं सप्ताह करतो. औंदा मृगाचा बहार पाहा! एकेक फांदी वाकून राहिली."

जेवणाच्या पंगतीत तो वाढायला तिच्यासमोर आला तेव्हा तिला राहवलं नाही. "भाऊजी, हे देवाचं नाव घेणं झालं का आडतीतला सौदा?"

वसंता हसला. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, तुमची पोथी मुकी हाय. गुपचूप वाचलेलं देवापर्यंत जाते का?"

पंगत हसली. जयवंताने उरलेली पुरणपोळी तशीच ठेवली आणि पहिली बस धरून रामाकोन्याला परतली. वाटेत तिने मनातल्या मनात वसंताची, महाराजाची आणि पाटल्या मिरवणाऱ्या बायांची अशी काही सालटी काढली की उतरायचं गाव कधी आलं ते कळलं नाही.

पुढे पंधरवडाही झाला नसेल. फाल्गुनातली दुपार. मृगाची फळं रंगावर आली होती, तोड सुरू व्हायची होती. जाम नदीच्या बाजूने आभाळ काळं न होता हिरवट झालं, वारा एकदम पडला, आणि मग कौलांवर कोणी दगड ओतावेत तशा गारा आल्या. जयवंता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर काही दिसत नव्हतं. नुसता आवाज.

थांबलं तेव्हा ती बाहेर आली. जमीन पांढरी, आणि त्या पांढऱ्यावर सगळीकडे फुटलेली संत्री. सालांचा वास इतका तीव्र की डोळ्यांतून पाणी यावं. झाडांवर पान नव्हतं. फांद्यांची साल जागोजागी सोलून निघाली होती, आतलं ओलं लाकूड उघडं पडलं होतं. विहिरीपाशी चार-पाच पोपट मरून पडले होते. तिने एक उचलला. त्याचं अंग अजून कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फेरी मारली, बसली, पोथी उघडली. अक्षरं होती, पण ती नुसतीच अक्षरं होती. गव्हातले खडे निवडावेत तशी एकेक नजरेखालून गेली आणि आत काही उतरलं नाही. ज्याने हे सगळं घडवलं त्यानेच हे असं मोडावं? तिने पान मिटलं. इतक्या वर्षांत तिला असं कोरडं कधी वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी वसंता जीप घेऊन आला. बगीच्याच्या कडेला उतरला, दोन पावलं आत गेला आणि आभाळाकडे हात करून ओरडायला लागला. "सात दिवस केलं ना तुयासाठी! काय कमी केलं? सांग!" मग मटकन चिखलात बसला. ड्रायव्हरने त्याला उचलून जीपमध्ये घातलं. पुढच्या बातम्या पांढुर्ण्याहून येत गेल्या. त्याने देवघराला कुलूप लावलं. मुक्कामाला राहिलेले महाराज गारांची बातमी कळताच पोट बिघडल्याचं सांगून नागपूरच्या गाडीने निघून गेले. वसंता कोणाशी बोलत नाही.

हे ऐकलं आणि जयवंताला भूक लागली. गारांनंतर पहिल्यांदा तिने नीट भाकर खाल्ली, वर गुळाचा खडा खाल्ला. दुसऱ्या सकाळी ती झाडाखाली बसली तेव्हा मन हलकं होतं, आणि तिला वाटलं, आली श्रद्धा परत. सवयीने तिने आत डोकावून पाहिलं, कोण शिरलंय म्हणून. तिथे देव नव्हता, मोडलेला बगीचा नव्हता, मेलेले पोपटही नव्हते. तिथे चिखलात बसलेला वसंता होता, आणि ती त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती, सिनेमा पाहावा तशी.

आपलीही झाडं त्यात मेली होती. मनोहरने हाताने लावलेली. आणि ती गूळ खात होती.

आयुष्यभर ती वसंताला हसली होती, महाराजांना हसली होती, पण स्वतःबद्दल इतका तिटकारा तिला कधी वाटला नव्हता.

त्या आठवड्यात वसंताची बायको मीना बसने आली. डोळे सुजलेले. "वहिनी, चला तुमी. ते जेवून नाई राहिले, बोलून नाई राहिले. भिंतीकडे तोंड करून पडले हायेत."

"मी काय डॉक्टर हाय?"

"तुमचंच ऐकतात ते. दाखवत नाई, पण ऐकतात."

हे जयवंताला नवीन होतं. ती गेली.

वसंता खरंच भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, पांढरी. इतका पांढरा तो कधी झाला हे तिने पाहिलंच नव्हतं. ती स्टूल ओढून बसली.

"उठा भाऊजी. झाडं उभी हायेत अन् तुमी आडवे."

"कायची झाडं," तो भिंतीला म्हणाला. "खराटे झाले. पाहिलं ना तुमच्या देवानं काय केलं?"

"माया देव? सप्ताह कोणी केला?"

"म्हूनच ना! एवढं करूनही..."

"देवानं तुमाले पावती फाडून देली होती का, का गारा पाडनार नाई म्हून?"

तो वळला. डोळ्यांत राग होता. बरं झालं, तिला वाटलं, भिंतीपेक्षा राग बरा.

"तुमाले बरं वाटून राहिलं असन," तो म्हणाला.

जयवंताला नाही म्हणता आलं असतं. मीना दारात उभी होती, तिच्यासमोर मोठेपणाही राखता आला असता. पोथीतलं एखादं वाक्य सांगता आलं असतं, शांतपणे, वरून खाली पाहत. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

"वाटलं बरं," ती म्हणाली. "तुमची ही गत ऐकून मले भूक लागली. गूळ खाल्ला मी. मले देवाचा राग यायले पाहिजे होता, नाईतर रडू. पन मी खूश झाले. मुकी पोथी वाचून हेच झालं माया मनाचं. तुमचे भोंगे परवडले."

मीनाने पदर तोंडाला लावला. वसंता कोपरावर उठून तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता की रडत होता, हे तिला कळलं नाही.

"गूळ?" तो म्हणाला.

"हो. मोठा खडा."

"मीना," तो म्हणाला, "चहा टाक."

दुसऱ्या दिवसापासून तो रामाकोन्याला येऊ लागला. गारांनी सोललेल्या फांद्यांवर बुरशी चढली तर झाड जातं, म्हणून मोडकं कापून जखमांवर मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा होता. मजूर होतेच, पण जयवंताने वसंतालाही कुंचला धरायला लावला. त्याने पहिलाच लेप लोखंडी घमेल्यात कालवला.

"मोरचूद लोखंड खाते, भाऊजी! मडक्यात कालवा. जन्म गेला संत्र्यात, अन् हे माहीत नाई?"

"माया जन्म पेट्यांत गेला वहिनी, झाडांत नाई."

तो कामाचा नव्हता. लेप फांदीपेक्षा धोतरावर जास्त लागायचा. दुपारी झाडाखाली ती पोथीचं एक पान आता मोठ्याने वाचायची, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत त्याची मान कलायची. त्याचं घोरणं ऐकून तिच्या ओठांवर जुनं काहीतरी बोचरं यायचं. ती वाचणं थांबवायची, ते आलेलं नीट पाहायची, आणि पुढची ओळ वाचायची. काही दिवस ते जायचं. काही दिवस नाही. तिने त्या दिवसांतही वाचलं.

चैत्र सरता सरता, लेप लावलेल्या एका फांदीवर, जखमेच्या अगदी खालून दोन हिरवे डोळे फुटले. तांदळाच्या दाण्याएवढे. वसंताने पाहिले आणि बोलावलं. ती गेली. दोघंही वाकून पाहत राहिले. नंतर दुसऱ्या झाडावर दिसले, मग तिसऱ्या. सगळ्यांवर नाही. बरीच झाडं मेली ती मेलीच. पण जयवंताच्या आत जे कोरडं पडलं होतं, तिथे त्या सकाळी काहीतरी ओलं झालं. जो मोडतो तोच आतून पुन्हा कोंब ढकलतो, हे तिने पोथीत कितीदा वाचलं असेल. आता ते बोटाला लागलं. वसंताने टोपी काढली. तेवढ्यापुरता तो तिला आवडला.

फार दिवस नाही. ज्येष्ठात ती सौंसरच्या बाजारात भाजी घेत होती. ओळखीच्या भाजीवालीने विचारलं, "बाई, तुमच्या देरानं म्हणे एकट्यानं बगीचा वाचवला? परवा पांढुर्ण्याले प्रवचनात ते स्वतःच भोंग्यावर सांगून राहिले होते. म्हणे, मारुतीरायानं सपनात येऊन औषध सांगतलं."

जयवंताच्या हातातली वांगी तशीच राहिली. मडकं, घमेलं, घोरणं, सगळं एका क्षणात जिभेवर आलं. सगळा बाजार हसला असता.

"हो," ती म्हणाली. "मेहनत केली त्यानं. पाव किलो दे. किडकी नको."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. राग येत होता, चांगला सणसणून. शेतात शिरलेल्या गाईकडे पाहावं तसं ती त्या रागाकडे पाहत राहिली. हाकलला तर गेला, पुन्हा आला, पुन्हा हाकलला. रामाकोना आलं तेव्हा तो पुरता गेला नव्हता. थोडा उरला होता. तेवढा घेऊनच ती उतरली आणि झाडांना पाणी द्यायला गेली.