तोंडावर कौतुक

पोरांचं कौतुक त्यांच्या तोंडावर करायचं नाही. केलं की पोरं शेफारतात. नागपूरहून अमेरिकेला येताना चारुदत्त टिपणिसांनी बरंच काही मागे सोडलं, पण घरातला हा नियम मात्र अगदी जपून बरोबर आणला.

त्यांची लेक अनया व्यावसायिक सॉकर खेळायची, बचावफळीत, डाव्या बाजूला. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. ते राहत त्या चँडलर गावच्या मराठी मंडळात चारुदत्त तिच्याबद्दल बोलायला लागले की समोरच्याचं जेवण थंड व्हायचं. "नव्वद मिनिटं त्या स्ट्रायकरला हलू दिलं नाही आमच्या अनयाने!" आणि त्याच सामन्यानंतर अनयाला फोन लावला की पहिलं वाक्य, "सेकंड हाफमध्ये जागा सोडलीस तू."

"हो बाबा, आय सॉ दॅट," ती म्हणायची.

इतक्या बारकाईने चूक काढायची तर मिनिटन् मिनिट पाहावं लागतं, आणि तेवढं माणूस प्रेमापोटीच पाहतो, हे तिला आपोआप कळत असेल असं ते धरून चालले होते. एरवी हुशार माणूस, पण हा शुद्ध गाढवपणा.

"अरे, एकदा तरी छान म्हण ना तिला," त्यांची बायको उत्तरा कितीदा म्हणाली.

"म्हणू की. रिटायर झाली की म्हणू. तेव्हा शेफारली तरी चालेल."

गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि बत्तिसाव्या वर्षी अनयाने थांबायचं ठरवलं. शेवटच्या सामन्याला दोघं विमानाने गेले. वाटेत चारुदत्त मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. नोकरीच्या पहिल्या इंटरव्ह्यूलाही ते इतके घाबरले नव्हते.

ब्याऐंशीव्या मिनिटाला अनयाचा गुडघा वळलाच नाही. समोरची मुलगी तिला चकवून गेली, गोल झाला आणि सामना हातचा गेला. तरीही सगळं स्टेडियम तिच्यासाठी उभं राहिलं. चारुदत्तांना तो गोल दिसलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांना अकरा वर्षं दिसत होती.

गुडघ्याला बर्फ बांधून ती कठड्यापाशी आली. "सांग बाबा, काय चुकलं?"

"काही नाही. छान खेळलीस. फार छान."

तिचा चेहरा पडला. तिने आईकडे पाहिलं. "इतकं वाईट होतं?"

"अगं, खरंच सांगतोय. आजच नाही, नेहमीच..."

"बाबा, प्लीज. सगळे गोड बोलतात यार. तू खरं बोलायचास, म्हणून मी तुझ्या फोनची वाट बघायचे. आज तूसुद्धा?" तिचे डोळे भरून आले.

चारुदत्तांनी उत्तराकडे पाहिलं. जुळवून आणलेली वाक्यं अजून तोंडपाठ होती, पण त्यातलं एकही आता लेकीला खरं वाटणार नव्हतं. तिला असं रडवून पाठवणं त्यांच्याने होईना.

"ब्याऐंशीव्या मिनिटाला," ते कसेबसे म्हणाले, "उशिरा वळलीस तू."

अनयाचा चेहरा एकदम निवळला. "आय नो," ती म्हणाली आणि कठड्यावरून वाकून तिने बापाला घट्ट मिठी मारली.